तिसऱ्या सकाळी

दोन दिवस नीट चालते, तिसऱ्या सकाळी मरते,
काउर म्हणाला, आणि किल्ली माझ्या बाकावर ठेवली
मेलेली चिमणी ठेवावी तशी.
व्होल्वो, सत्त्याऐंशी सालची, मागून लाकडी पेटीसारखी चौकोनी.
बॅटरी त्याने दोनदा बदलली होती.
माणसं आधी बॅटरीलाच बोल लावतात.
जी रिकामी होते तिलाच.

आमच्या सारेमा बेटावर नोव्हेंबरात चारच्या आत अंधारतं.
शेडचं दार ओढून घेतलं,
बॅटरीची काळी तार सोडली
आणि मधल्या फटीत मीटर बसवला.
दाराचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं,
गाडीला वाटावं, सगळे घरी गेले.
नव्या गाड्यांना झोप लागायला अर्धा तास लागतो,
ही लगेच झोपते.
झोपायला हवी होती.

मीटर म्हणाला, शून्य पॉइंट एक्केचाळीस.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

चालकाच्या डाव्या पायाशी फ्यूजची रांग,
चिनी मातीचे, पांढरे, लाल, निळे,
टोकांना हिरवा कळंक.
एक काढायचा, मान वळवून आकडा बघायचा, परत बसवायचा.
वायपर. एक्केचाळीस.
हॉर्न. एक्केचाळीस.
मागच्या काचेचा हीटर, ज्याच्यावर मी पैज लावली असती,
एक्केचाळीस.
गुडघे बधिर, कॉफी गार,
काउर दोनदा विचारून गेला, नवीन बॅटरी घालून बघायची का.

आठवा काढला
आणि आकडा एकदम खाली बसला,
रडं थांबलेल्या मुलासारखा.

नकाशात आठव्यावर घड्याळ आहे, छतातला दिवा आहे.
ही तपकिरी तार नाही,
जुन्या इस्त्रीची असते तशी, कापडी वेष्टनाची.
तिला धरून मी मागे मागे सरकत गेले
गालिच्याखालून. वाळू. पाइनच्या सुया.
आता चलनात नसलेलं एक नाणं.
आणि रबरबँड, मूठ-मूठभर रबरबँड,
तेव्हाच कळायला हवं होतं.

लेइडाची गाडी ही. टपालवाल्या लेइडाची.
सोर्वेच्या रस्त्यावर पहाटे पाचला
कुत्र्यांना नावाने हाका मारत जायची ती;
माझ्या आईला बहिणीची पत्रं तिनेच आणून दिली,
आणि शेवटचं, जे बहिणीने लिहिलेलं नव्हतं, तेही.

मागच्या दाराच्या चौकटीत
फ्रिजचं बटण स्क्रूने बसवलेलं होतं.
दार उघडलं की दिवा लागावा, पत्ते वाचता यावेत.
खाऱ्या वाऱ्याने त्याची स्प्रिंग केव्हाच खाल्ली,
आणि दिवा खिळ्यावरून निसटून
फळीखालच्या खणात पडला होता.
फळी उचलली.
दिव्याखाली अंधार म्हणतात.
इथे अंधाराखाली दिवा,
उबदार, काचेवर तपकिरी डाग,
कितीक महिने खणातला जॅक आणि दोन काजळलेले पाने
निष्ठेने उजळत बसलेला.
तारेवर पट्टी, पट्टीवर बॉलपेनने:
हात लावू नये.

तोडून टाक, काउर म्हणाला. त्याचंही बरोबर,
त्याला जाळी न्यायची असतात, पत्रं नाही.
मी पक्कड हातात घेतली.
मग कपाटातून नवं बटण शोधलं,
दिवा खिळ्याला परत टांगला, खिळा वाकवला,
आणि बिलात लिहिलं फक्त बटण.
काउरने बिल वाचलं नाही.
मागचं दार उघडून तो एवढंच म्हणाला,
अरे.

निघण्याआधी पुन्हा एकदा मीटर लावला.
शून्य पॉइंट शून्य दोन.
हे काय अजून, त्याने विचारलं.
घड्याळ, मी म्हटलं. तेवढं खाऊ दे त्याला.
घड्याळात सव्वाअकरा वाजले होते,
बाहेर सहासुद्धा झाले नव्हते.